कंबर म्हणायची सोय

डेपोत सगळे त्याला नवाब म्हणत. बस चालवताना तो एका कुल्ल्यावर रेलून बसे, म्हणून. खरं कारण सांगण्यापेक्षा नवाब झालेलं परवडलं, असा हिशोब करून तोही हसून घ्यायचा. क्लच दाबला की जांघेतून कळ निघायची आणि आत, पुरुषाने चारचौघांत बोलू नये अशा जागी, दिवसभर ठाण मांडून बसायची.

बायकोला त्याने सांगितलं, कंबर दुखते. कंबर म्हटलं की पुढे कुणी खोदून विचारत नाही; निम्मं जग कंबर धरूनच वावरत असतं. डॉक्टरांनाही त्याने कंबरच सांगितली. त्यांनी बिचाऱ्यांनी कंबरेचाच फोटो काढला, पट्टा दिला आणि जमिनीवर झोपायला सांगितलं. तो पलंगावरून खाली उतरला तो कायमचाच. मनातून त्याला सुटल्यासारखं झालं, कारण बायको जवळ आली की दुसऱ्या दिवशी सीटला टेकवत नसे. पण हे बोलणार कुठल्या तोंडाने? पट्ट्याने काडीचाही फरक पडला नाही.

पुढे क्लचवरचा पायच थरथरायला लागला, तेव्हा तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेला. त्यांनी खुबा फिरवला, जांघेत दाबलं, आणि तो कळवळला. मग भिंतीकडे बघत त्याने सगळं ओकून टाकलं. बाई म्हणाल्या, खुब्याचा सांधा आखडलाय आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कित्येक वर्षं आवळलेलेच आहेत. कंबर ठणठणीत आहे. व्यायामाने उतार पडेल, पण फार उशीर केलात.

आज घरी सांगून टाकायचं म्हणजे मिटलं, असं घोकतच तो घरी आला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो अडखळत बोलला, पण या वेळी काही लपवलं नाही.

"म्हणजे माझा कंटाळा नव्हता आला?" तिने विचारलं.

"नाही गं. कधीच नाही."

आता ती रडेल, रागावेल, आणि मग सगळं सुरळीत होईल, असं त्या वेड्याला वाटलं. ती रडली नाही. इतकी वर्षं आरशासमोर उभी राहून आपल्यात काय कमी आहे ते शोधत होते, म्हणाली. तुमच्यासमोर लुगडं बदलायचीसुद्धा लाज वाटायला लागली होती.

त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिचं अंग आक्रसलं. तिने मुद्दाम केलं नव्हतं. तिलाही ते कळलं आणि तिचा चेहरा पडला.

"व्यायाम करा, बरे व्हा," ती म्हणाली. "पण आता मला कुणी हात लावलेलाच सोसत नाही."