सुकेळ्यांची पाकिटं

माझ्या सासरी, नंदाखालला, राजेळी केळ्यांची सुकेळी व्हायची. पिकलेली केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात घालायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची आणि मधासारखा रंग चढला की केळीच्याच वाळक्या पानांत बांधून ठेवायची. आल्यागेल्याला द्यायची, उरली तर बाजारात न्यायची. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी माझे यजमान माणिकपूरला एक व्याख्यान ऐकून आले आणि माझी झोप उडाली.

व्याख्यात्यांनी म्हणे सांगितलं होतं की आपल्याकडे फळं ढिगाने पिकतात आणि ढिगानेच सडतात. आता बाजार खुला झालाय, पुढचा जमाना पाकिटातल्या खाण्याचा, या धंद्याला मरण नाही. यजमान जेवताना तेच बोलायचे, अंघोळीला जाता जाता तेच. दादरचा एक व्यापारी आखातात माल पाठवायचा, त्याला त्यांनी गाठलंही. नमुना आवडला तर दर महिन्याला माल उचलीन, असं तो म्हणाला.

"त्याने हो म्हटलं की मी नोकरी सोडतो," यजमानांनी घरात जाहीर केलं.

मी साताऱ्याकडच्या मास्तरांची मुलगी. पहिल्या तारखेला पगार येतो आणि त्यावर घर चालतं, एवढंच मला ठाऊक. यांची नोकरी सरकारी, पेन्शनीची, आणि आमची लेक नुकती शाळेत जायला लागलेली. माझा चेहरा बघून सासूबाई आणि हे, दोघंही मला भित्री भागूबाई म्हणायचे. खोटं नव्हतं ते. ऊन कमी पडेल, माशा बसतील, व्यापारी लबाड निघेल, मला सगळ्याचीच भीती. देशाची भरभराट होणार असेल तर होवो बापडी, तिने आमच्या पगाराला हात लावू नये, एवढंच मला वाटायचं.

नमुन्याचा माल तयार झाला. व्यापाऱ्याला पानं नको होती, प्लास्टिकची पाकिटं हवी होती. सासूबाईंना ती पाकिटं इतकी आवडली की वाळकी पानं त्यांनी सरळ चुलीत घातली. रविवारी दुपारभर आम्ही तिघं मांडवाजवळ बसलो. उन्हातून गरम गरम सुकेळी उचलायची, पाकिटात भरायची आणि पाकिटाचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचं.

सोमवारी हे रजा टाकून दादरला निघाले. मी पिशवी भरत होते. एक पाकीट सहज खिडकीशी धरलं. आतून बारीक थेंब धरले होते. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळीकडे तेच.

"अहो, आत पाणी धरलंय."

"झालं तुझं सुरू!"

"पानी कुठनं येल गो? उन्हातलाच तर माल," सासूबाई म्हणाल्या.

मी हट्टाने एक पाकीट फोडून यांच्या हातात दिलं. सुकेळं बोटांना लिबलिबीत लागलं. गरम माल आम्ही कोंडून ठेवला होता, त्याचा घाम होता तो. तसाच गेला असता तर व्यापाऱ्याकडे चार दिवसांत बुरशी धरली असती. हे मटकन ओट्यावर बसले. इतका उतरलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि आता मला त्यांच्यासाठीच भीती वाटायला लागली.

सगळी पाकिटं फोडली, माल पुन्हा मांडवावर घातला. दुपारी आभाळ भरून आलं. सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या. मीही हात जोडले, पण देवाजवळ काय मागायचं ते मला कळेना. ऊन पडावं की पाऊस? शेवटी नुसताच नमस्कार करून बाजूला झाले.

आभाळ मोकळं झालं. माल सुकला, या खेपेला सावलीत गार होऊ दिला आणि मग भरला. दुसऱ्या दिवशी नमुना घेऊन गेलेले हे संध्याकाळी परत आले ते पेढे घेऊनच. देवापुढे ठेवायच्या आधी पेढा माझ्या तोंडात घातला.

"आज तुझ्यामुळे अब्रू वाचली," ते म्हणाले. "घरात अशी नजर असताना मला कसली काळजी? उद्याच राजीनामा देतो."

मी पेढा तोंडात धरून उभी राहिले. काही केल्या तो गिळवेना.