पोस्टवरची देवाची मूठ

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमच्या सेक्शनच्या सहा जणांना काश्मीरमधली एक उंच पोस्ट मिळाली. मुक्काम तीन महिने. मी लान्स नायक साळवे, गाव शेवगाव तालुक्यातलं. निघायच्या आदल्या दिवशी आईनं एवढंच बजावलं, "प्रार्थना चुकवू नको. अन् मूठ सोडू नको."

आमच्या ख्रिस्ती घरांत बाई स्वयंपाकाला लागली की आधी मूठभर धान्य देवाच्या गाडग्यात टाकते. हंगामाच्या सणाला ते चर्चमध्ये जातं आणि पाळकसाहेब गरजू घरांत वाटतात. दुष्काळात आम्ही नुसती आंबील पिऊन झोपलो, पण आईनं गाडग्याला हात लावला नाही. आजीपासूनचा हा नेम. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पोस्टवर गाडगं कुठून आणणार? दूध पावडरचा रिकामा डबा घेतला. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज, मग चहा, ड्यूटी, १६०० ला रेडिओ चेक. माझ्या वाट्याच्या तांदळातली रोज एक मूठ डब्यात. पोस्ट कमांडर हवालदार मोरे म्हणाले, "तुझ्या वाट्यातली आहे ना? मग टाक." साताऱ्याचा नायक शिंदे मात्र रोज फिरकी घ्यायचा.

"साळव्या, तुजा देव तांदूळ शिजवून खातो का कच्चाच?"

"तू भांडी घास. मग सांगतो."

दोन महिने उलटले आणि वादळ आलं. हिमलोट थेट स्टोअर टेंटवर उतरला. कोणाला इजा नाही, पण रेशन गेलं. मोऱ्यांनी खालच्या तळाशी बोलायला रेडिओ सेट हातात घेतला.

"रेशन खलास. ओव्हर."

"वाट बंद आहे. चार दिवस लागतील. ओव्हर."

"रॉजर. आउट."

बंकरमध्ये थोडी बिस्किटं होती, आणि माझा डबा. खरं सांगतो, तो पुढे करायला मला एक अख्खा दिवस लागला. आईला काय तोंड दाखवू, हेच मनात घोळत होतं. भाऊबंद उपाशी असताना मी हा विचार करत होतो, याची आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना केली आणि डबा मोऱ्यांपुढे ठेवला. आधी शिंदेच मागे सरला.

"त्यो देवाचा हाय. मी न्हाई खानार."

बाकीचेही हात आखडून बसले.

"शिंदे, आमच्याकडं हे धान्य उपाशी घराला जातं," मी म्हणालो. "आज उपाशी घर हेच आहे."

मोरे म्हणाले, "स्टोव्ह पेटव." ती ऑर्डर होती. मी देवाचे आभार मानून डोळे उघडेपर्यंत शिंदेनं घास उचलला नाही. तो तांदूळ आम्हाला तीन दिवस पुरला.

चौथ्या दिवशी ०९४० ला खालून रेशन आणणारी पार्टी दिसली. त्यांच्यासाठी दोर बांधायला शिंदे उतरला. उताराचा बर्फ सुटला आणि त्याला घेऊन गेला. १३२० ला तो सापडला, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

सुट्टीवर आलो त्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलो. डब्याचं सगळं मंडळीसमोर सांगितलं. बायकांच्या सतरंजीवरून आई उठली.

"शिंदेनं खाल्लं का रं?"

"खाल्लं. पोटभर."

"मग देवाला पोचलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या वर्षापासून हंगामाच्या सणाला आमच्या घरून दोन गाडगी जातात. आई गेली. आता माझी बायको रोज दोन मुठी काढते. दुसऱ्या गाडग्यावर चिठ्ठी असते. पाळक किती बदलले, पण प्रत्येकानं ती हुद्द्यासकट मोठ्यानं वाचली आहे, "नायक बाळू शिंदे, सातारा." आणि दर वेळी सगळी मंडळी उठून उभी राहते.