चारशे पत्ते तोंडपाठ

कंपनीत त्याला सगळे ‘डायरी’ म्हणत, कारण त्याने जन्मात कधी डायरी ठेवली नव्हती. तीन मजले, चारशे यंत्रं, आणि प्रत्येकाचा नेटवर्कवरचा पत्ता याच्या डोक्यात. कुठलाही प्रिंटर रुसला की हा खुर्चीतून न हलता त्याचे चार आकडे घडाघडा सांगे. बायकोचा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरे. ती म्हणायची, “मलाही एक नंबर चिकटवा, म्हणजे लक्षात राहीन.”

नेटवर्कच्या खोलीत सतरा वर्षं त्याचा जोडीदार एकच, लांबू. शिडी न घेता छतातली केबल ओढणारा गडी. काम डायरीनेच शिकवलेलं, त्यामुळे लांबू त्याला चारचौघांत ‘गुरुजी’ म्हणायचा आणि एकटं गाठून शिव्या घालायचा.

मग कंपनीने पत्त्यांची नवी पद्धत आणायचं ठरवलं. चार आकड्यांच्या जागी आठ गट, वर आकड्यांत अक्षरं घुसलेली. असे चारशे पत्ते पाठ करायचे म्हणजे डायरीला धापच लागली. साहेबांनी आणखी एक सांगून टाकलं: नव्या पद्धतीत यंत्रं आपला पत्ता आपणच तयार करतात, तेव्हा खोलीत एक माणूस पुरे. महिनाअखेर प्रात्यक्षिक परीक्षा. सरस ठरेल तो राहील, दुसऱ्याने घरी जायचं.

“अभ्यास एकत्रच करू,” लांबू म्हणाला. “हरायचंच तर निदान ओळखीच्या माणसाकडून हरू.”

शिकवायला एक बाई आल्या, वयाने दोघांच्या निम्म्या. पत्त्यातली सलग शून्यं गाळून तिथे दोन विसर्गचिन्हं द्यायची, पण एका पत्त्यात एकदाच, असं त्यांनी सांगितलं. लांबू पुटपुटला, “आमच्या सासूबाईही एवढ्या कडक नाहीत.” डायरी वर्गात खो खो हसला आणि त्याने बाईंची बोलणी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात डायरीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं वर्गाच्या दिवशी आलं. लांबू म्हणाला, “तू वर्गात बस. तुझ्या डोक्यात सगळं राहतं, मला संध्याकाळी सांग. मावशींना मी नेतो.” संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर डायरीने अख्खा धडा तोंडी म्हणून दाखवला. कागदावर काहीच नव्हतं. एक गोष्ट राहून गेली, आणि राहिली आहे हे त्याला कळलंही नाही.

परीक्षेला दोघांची टेबलं शेजारी, बोलायला बंदी. फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कच्या दारात कुणाला अडवायचं याचे, नियम लिहायची वेळ आली तशी डायरीची बोटं सवयीने पहिल्या ओळीकडे वळली: पिंग, म्हणजे ‘जागा आहेस का’ विचारणारी यंत्राची हाक, आणि त्या जातीचे सगळे निरोप बंद. सतरा वर्षं दोघं हेच करत आले होते. तेवढ्यात त्याला ऑपरेशनच्या दिवशीच्या धड्यातली ती राहिलेली गोष्ट आठवली. नव्या पद्धतीत वाटेतला राउटर माहितीचं मोठं पाकीट फोडून देत नाही. ‘मावत नाही, लहान करून पाठवा’ असा निरोप मागे धाडतो. तो दारातच अडवला, तर पाठवणारा बापडा ताटकळत बसतो.

त्याने शेजारी पाहिलं. लांबूच्या पडद्यावर ती पहिली ओळ लिहून झाली होती. मग त्याने मान खाली घातली आणि स्वतःचा नियम बरोबर लिहिला.

लांबूचं काम आधी झालं. छोटी वेबपानं उघडली, आणि तो खुशीत खुर्ची मागे सारून बसला. मग बाईंनी मोठी फाइल पाठवली. ती निघाली आणि अडली, ती अडलीच.

“हे निरोप सरसकट बंद करायचे नाहीत, असं मी फळ्यावर लिहून दिलं होतं,” बाई म्हणाल्या.

लांबूने वळून डायरीकडे पाहिलं. डायरी बुटाच्या नाडीकडे बघत होता.

“दिलं असेल, बाई,” लांबू म्हणाला. “माझंच लक्ष नव्हतं.”

जिन्यात डायरीने त्याला गाठलं. “अरे, त्या दिवशी सांगायचं राहिलं माझ्याकडून. शपथेवर सांगतो, विसरलो.”

“होतं रे,” लांबू म्हणाला. “म्हातारा झालास गुरुजी.”

डायरी इथे थांबला असता तर निभावलं असतं. पण सतरा वर्षांत या माणसाशी तो एकदाही खोटं बोलला नव्हता.

“परीक्षेत आठवलं मला,” तो म्हणाला. “तू ओळ लिहिली होतीस, तेव्हा. मी बघितली.”

लांबू दोन पायऱ्या खाली होता, तरी दोघांचे डोळे समोरासमोर आले.

“नुसतं खोकायचंस तरी, लेका,” तो म्हणाला, आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरू लागला.