तलावाची जिवाणी

कोल्हापुरात एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावर जिनपाल कामाला होता. पाण्याच्या बाबतीत गडी हट्टी. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याचा धर, असं तो येईल त्याला ऐकवायचा. धर सुटला की पीएच थाऱ्यावर राहत नाही आणि पोरांचे डोळे चुरचुरतात. आपलं पाणी कधी बिघडत नाही, याचा त्याला भलताच तोरा होता.

त्याची आई रत्नाबाई त्याच्याबरोबर क्लबच्याच खोलीत राहायची. जैनांच्या घरात पाणी गाळून पितात आणि फडक्यात अडकलेले जीव, म्हणजे जिवाणी, जिथलं पाणी तिथंच अलगद सोडतात. तलाव शेजारच्या विहिरीवर भरायचा. म्हातारी रोज, जिनपालनं क्लोरीन टाकायच्या आधी, तलावाचं तांब्याभर पाणी गाळायची आणि जिवाणी विहिरीत सोडायची. त्या पाण्यात जगतंय काय, म्हणून तो चेष्टा करायचा.

"तू मारतोस," ती म्हणायची. "उरल्यालं घरी पोचवाय नको व्हय?"

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ती गेली आणि पाण्याचा धरच सुटला. खायच्या सोड्याची पोती रिचवली, तरी सकाळी पाणी तपासायच्या नळीत औषधाचे थेंब टाकले की रंग पिवळाच, म्हणजे पीएच खाली. सेक्रेटरी बाळासोंनी स्पष्ट सांगितलं, पोरांच्या शिबिराआधी पाणी सुधारलं नाही तर नोकरी आणि खोली दोन्ही सोडायची. जिनपालला जायला दुसरं घर नव्हतं.

शिबिराच्या दिवशी उजाडता तो तलावावर आला, तर काठावर आईचा तांब्या. तोंडाला गाळायचं फडकं बांधलेलं, ओलं. ती गेल्यावर दोन्ही त्यानं स्वतः ट्रंकेत ठेवली होती. त्यानं तलावाचं पाणी गाळलं. फडक्यात काहीतरी वळवळत होतं.

जिवाणीच्या तांब्याला बुडाशी कडी असते. तिथं दोरी बांधली तरच तो पाण्याला टेकून उपडा होतो. घाईत जिनपालनं गळ्यालाच दोरी बांधली आणि फडक्यासकट तांब्या विहिरीत सोडला. पाणी अजून बरंच खाली होतं, तेवढ्यात दोरी सैल पडली, कुणी तांब्या हातात घ्यावा तशी. थोड्या वेळानं ओढला, तर तांब्या रिकामा, आणि आत फडकं पिळून, घडी घालून ठेवलेलं. आई ठेवायची तसं.

नळीत थेंब टाकले. रंग नारिंगी-लाल, अगदी हवा तसा.

फाटकावर पोरांचा गलका सुरू झाला होता. त्यानं क्लोरीनचा डबा उघडला.

"आई, उरल्यालं उद्या पोचवतो," तो विहिरीकडं बघून म्हणाला, आणि पावडर टाकायला लागला.