ओसरीवरचे उपडे हंडे

तमाम सुज्ञ वाचकांना, आणि विशेषतः ज्यांच्या घरात एक तरी हंडा आहे अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या आळीत एखाद्या बाईची पिशवी काढली, तर तिच्या घरचा हंडा त्याच दिवशी जप्त होत असे. नोटीस नसे, अपील नसे. पोलीस पाटलांच्या घरचा हंडाही सुटला नव्हता.

पिशवी म्हणजे गर्भाशय. पण तो शब्द आमच्याकडे फक्त डॉक्टर वापरतात. बायका पिशवी म्हणतात, आणि पुरुष काहीच म्हणत नाहीत, नुसते खाकरतात.

ही जप्ती करणारी बाई आमच्या समोरच्या घरात राहायची. सगळी आळी तिला काकी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. माहेर मुरबाडकडचं, वैशाखऱ्याचं. सासर आमचं, शहापूर तालुक्यातलं. नवरा लवकर गेलेला, मुलगा वाशिंदला कारखान्यात. चालताना किंचित पुढे झुकायची, कोणाची तरी चुगली ऐकायला वाकल्यासारखी.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा रिक्षा दारात थांबायच्या आधीच काकी आमच्या मोरीत पोचली होती. आमचा पितळी हंडा तिने पिंपात रिकामा केला, उपडा घातला आणि त्यावर बसली. मी भिंत धरधरून आत आले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कसं वाटतंय गो?"

"बरं वाटतंय, काकी."

"वाटू दे. आतली शिवण ओली हाय."

एवढं बोलून तिने हंडा कमरेवर घेतला आणि गेली.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, पिको-फॉल. शिवण उसवते, आवळते, वाकडी जाते; ओली शिवण मी जन्मात पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला तसं म्हटलं. काकी म्हणाली, "वरचे टाके सगळ्यांना दिसतात. ते सुकले का लोक म्हंतील, झाली बरी, लावा कामाला. आतले कोण बगतंय?" आणि जाता जाता माझ्या मशीनची वादी काढून कमरेला खोचून घेऊन गेली, म्हणजे पायडलचाही प्रश्न मिटला.

जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. वांगं, ताक, कानात कापूस आणि पायात मोजे याबद्दल ते काही बोलले नव्हते. ते काकीने त्यांच्या वतीने सांगितलं.

सगळ्यात कडक बंदी हसण्यावर होती. हसलं की टाके ताणतात. खोकला किंवा हसू आलंच, तर पोटाशी दाबून धरायला तिने मला एक छोटी उशी दिली. एवढी काळजी घेऊन मग ती समोर बसायची आणि मख्ख चेहऱ्याने आळीतल्या एकेकाच्या चालीची, बोलण्याची नक्कल करायची. मी उशी आवळून कळवळायचे. ती रागावायची. "हसू नको म्हनलं ना? शिकलेल्या बाया ऐकतच नाय."

तुम्ही त्या काळात आमच्या आळीतून गेला असता तर काकीच्या ओसरीवर उपड्या हंड्यांची रांग पाहिली असती. पितळी असेल तर समजावं, सासूबाई. स्टीलचा असेल तर सून. प्लॅस्टिकची कळशी असेल तर नव्या चाळीतलं भाडेकरू कुटुंब. कोणाची पिशवी निघाली हे लपवायची काही सोयच उरली नव्हती. आणि गंमत अशी की सगळ्यांना कळल्यावर सगळ्याच बोलू लागल्या. शिवायला कापड घेऊन आलेल्या बायका माप द्यायचं विसरून विचारायच्या, तुलापण गॅस झाला का गो खांद्यात? तुलापण घाम येतो का?

यायचा. अख्खं घर गोधड्यांत गुरफटलेलं असताना मला एकदम भट्टीत बसवल्यासारखं व्हायचं. कारण नसताना रडू यायचं. एकदा कोबी पाहून रडले. कोबी आमच्या ह्यांनी आणला होता. ते कोबी हातात धरून बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "फ्लॉवर आणू?"

आमचे हे भातसानगरला धरणावर नोकरीला. दिवसभर मुंबईला जाणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवायचं हे त्यांचं काम. घरी नळाला पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात विहिरीवरून. आणि लग्न झाल्यापासून त्यांनी घरात एक कळशी उचललेली मी पाहिली नव्हती. माणूस चांगला. बोलणं मोजकंच. कोबीचं ते त्या महिन्यातलं लांबलचक भाषण.

सुखही होतं, ते का लपवू? कित्येक वर्षं डागांच्या धास्तीने मी गडद रंगांच्याच साड्या नेसत होते. एस्टीत बसताना आधी सीट नाही, उठायची वेळ मनात यायची. ते सगळं संपलं होतं. आणि तरी दुपारी एकटी पडले की पोटावर हात ठेवून वाटायचं, आत खोली रिकामी झाली आहे आणि भाडेकरू न सांगता गेला आहे.

एकदा विचारलंच. "काकी, मी आता बाई राहिले का गो?"

"आज भाकरी कोणी थापली?"

"ह्यांनी. जाड झाली होती."

"मग तो बाई झाला काय?"

"नाय."

"मग तू कशी बापय होशील? गोळी घे नि झोप."

तिचं स्वतःचं ऑपरेशन कधीचं, हे मला उशिरा कळलं. मीच खोदून विचारलं. पिशवी काढून घरी आली आणि थोड्याच दिवसांत हंडा घेऊन विहिरीवर गेली. मी म्हटलं, "कोणी अडवलं नाही?" काकी आपल्या वाकलेल्या कमरेकडे बोट करत म्हणाली, "घरात पाणी नव्हतं नि हंडा व्हता. हंडाच नसता तर गेले असते का?" पुन्हा दवाखाना झाला, पण ती कंबर काही सरळ झाली नाही. एवढं सांगून तिने लगेच पोलीस पाटलांची नक्कल सुरू केली.

आता मुख्य प्रसंग. माझी शिवण ओली असतानाच पुतण्याचं लग्न आलं, मांडव आमच्याच दारात. आमच्या घराण्यात हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या अंघोळीचं पाणी चुलतीने विहिरीवरून आणायचं असतं. पितळी घागर डोक्यावर, पुढे वाजंत्री. चुलती मी एकटीच. नवऱ्या मुलाच्या आई, आमच्या मोठ्या जाऊबाई, म्हणाल्या, "अर्धीच भर. मान तुझा हाय, दुसरीला कसा देऊ?" त्यांचं चुकत नव्हतं. आणि तेवढ्यात मांडवात सुपारी कातरत बसलेल्या थोरल्या चुलत सासूबाई, कोणाकडेही न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी म्हणते, राहूच दे. पिशवी नसलेल्या बाईनं शुभ कामात पुढं व्हावं का?"

माझ्या अंगाची भट्टी पेटली. ह्या वेळी ती गोळ्यांनी विझणारी नव्हती. मी ठरवलं, घागर घ्यायची. काठोकाठ भरायची. टाके तुटले तर तुटू देत, सगळ्यांच्या देखत तुटू देत.

हंड्यापाठोपाठ ती घागरही अर्थातच काकीच्या ओसरीवर जमा झाली होती. लग्नघरातली आहे म्हणून काकीने तिला सूट दिली नव्हती. मी जरीच्या साडीत तिथे गेले, तर काकी घागरीवरच बसलेली.

"ऊठ काकी. मला पाणी आणायचंय."

"डोळे कशाला लाल?"

मी सांगितलं. काकीने ऐकून घेतलं. उठली नाही. म्हणाली, "तिला दाखवायला उचलशील. मग जनमभर वाकून चालशील माज्यावानी. तवा ती बगायला येनार हाय का?"

"मग मान सोडू? म्हणजे तिचंच खरं झालं."

काकीने रस्त्यापलीकडच्या मांडवाकडे पाहिलं. मग ओसरीवरूनच ओरडली, "ए धरणवाल्या, इकडं ये!"

आमचे हे हळदीचे हात पुसत आले. मागोमाग जाऊबाई, अडकित्ता हातात घेऊनच चुलत सासूबाई, आणि काहीतरी होणार या आशेने सगळा मांडव.

"अख्ख्या मुंबईला पानी पाजतोस ना? आज पुतन्याच्या अंघोळीपुरतं आन. घागर डोक्यावर घे. ही नुसतं बोट लावंल. मान हिचा, भार तुजा."

चुलत सासूबाई कडाडल्या, "बापयानं कधी आणलंय का पाणी?"

"नाय आनलं. म्हणून तर माजे टाके उसवले."

"आणि हिची पिशवी..."

काकीने मान वळवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुजा हंडा घरी सुखरूप हाय ना गो?"

चुलत सासूबाई पुन्हा सुपारी कातरू लागल्या. त्यांचाही हंडा एके काळी त्या ओसरीवर मुक्कामाला होता, हे आळीतल्या जाणत्या बायकांना माहीत होतं. त्या सगळ्या आभाळाकडे पाहत होत्या.

मग निघाली वरात. पुढे वाजंत्री. मध्ये आमचे हे, नव्या झब्ब्यात, डोक्यावर घागर, दोन्ही हातांनी ती अशी धरलेली की जणू धरणाचा दरवाजा निसटतोय. बाजूला मी, एका हाताचं बोट घागरीला आणि दुसऱ्या हाताने पोटाशी उशी. येताना दर पावलाला पाणी हिंदकळून त्यांच्या मिशांवरून ओघळत होतं आणि ते एक अक्षर बोलत नव्हते. मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. विधवा म्हणून काकी मांडवात येत नसे. तिने रस्ताही ओलांडला नाही. पण वाजंत्रीच्या वरताण तिचा आवाज आला, "हसू नको गो! शिवण!"

अंघोळीला तांब्याभर पाणी उरलं होतं. नवरा मुलगा तेवढ्यातच शुद्ध झाला.

पुढे आळीतल्या पुरुषांना विहिरीची वाट सापडली. एकदम नाही. आधी तोंडाला रुमाल बांधून, मग रुमालाशिवाय. आमच्या ह्यांनी तर सकाळचं पाणी भरणं कायमचं अंगावर घेतलं, त्याविषयी काहीही न बोलता. माझा हंडा आणि वादी काकीने यथावकाश स्वतः आणून दिली. हंडा चिंचेने लख्ख घासलेला होता. ती सगळ्यांचेच असे घासून परत करायची.

गेल्या हिवाळ्यात काकी गेली. सकाळी ओसरीवर ऊन खात बसली होती, तशीच भिंतीला टेकली.

आम्ही सगळ्या जमलो. ओसरीवर तीन-चार हंडे उपडे होते, कोणी त्यांना हात लावला नव्हता. अंगणात पुरुष तिरडी बांधत होते, त्यांत आमचे हे, दोरीची गाठ दातांत धरून. मुलगा वाशिंदहून आला तसा उंबऱ्यात बसून होता. आतून कोणीतरी म्हणालं, काकीला अंघोळ घालायची, पाणी आणा.

शेजारची सून नुकतीच दवाखान्यातून आली होती. ती रडत उठली, समोर दिसला तो हंडा तिने उचलला. तो तिचाच होता. कमरेवर घेऊन विहिरीच्या वाटेला लागली. तिला अडवावं हे आम्हा बायकांपैकी एकीलाही सुचलं नाही. अडवणारी बाई आत निजली होती.

आणि तोंडातली दोरी सोडून आमचे हे ओरडले,

"ए पोरी, ठेव तो हंडा खाली! आतली शिवण ओली हाय!"