आमची कॅसेट काकीने नेली

विलास स्वतः छापखान्यात आला तेव्हा मी एका पत्रकाची प्रुफं तपासत होते. मशीनच्या आवाजात त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही, म्हणून तो कानाशी वाकून म्हणाला, "आई गेली." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता हिच्याशी भांडायचं राहूनच गेलं. रडू नंतर आलं. परबकाकीला, म्हणजे विलासच्या आईला, जाऊन महिना उलटला, भांडुपच्या त्या चाळीत शोकसभाही झाली, प्रत्येकाने ती किती प्रेमळ होती ते सांगितलं. होती ना, प्रेमळ होतीच. पण मला तिचा हेवा वाटायचा, आजही वाटतो, आणि तो लपवून लिहिलेला लेख काकीलाच आवडला नसता.

विलास माझा कॉलेजातला मित्र. तो पेटी वाजवायचा आणि गायचा, गाणी मी लिहायचे, शिवाय ढोलकीला एक आणि गिटारला एक असे आमचं चौघांचं 'वणवा' पथक होतं. माझे वडील युनियनची पत्रकं लिहायचे. मुलुंडच्या आमच्या घरात मी अक्षरओळख करून घेतली ती त्याच कागदांवर, त्यामुळे माझी गाणीही तशीच. चाळीत, कारखान्याच्या गेटसभेत, गणपतीच्या मंडपात लोक टाळ्या वाजवायचे, आणि आम्हाला वाटायचं की आता फक्त आपली एक कॅसेट निघायला हवी. तेव्हा गल्लीगल्लीत कॅसेटची दुकानं निघत होती. ज्याचा आवाज पानाच्या गादीवर वाजतो तो खरा, बाकी सगळे हौशी, असा जमाना. विलासच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या चुकवत, टू-इन-वन टेपवर आम्ही गाणी भरायचो आणि सांताक्रूझच्या एका कॅसेट कंपनीत नेऊन द्यायचो. तिथले साहेब भेटायचे नाहीत. भेटले तर म्हणायचे, "आवाज ठीक आहे, पण ये बेचेंगे किसको?" तीन वर्षं आम्ही त्या दाराशी गेलो.

काकी तेव्हा आतल्या दाराजवळ मासे साफ करत बसलेली असायची आणि सगळं ऐकायची. नवरा गिरणीतून सुटून घरी बसलेला, त्यामुळे ती दोन घरचा स्वयंपाक करायची, पण बिचारी वगैरे मुळीच नव्हती. जिभेला धार. एकदा मला म्हणाली, "काय गो, तुझ्या गाण्यात सगळे नुसते उठा, उठा. उठान जातले खय?" पोरं इतकी हसली की त्या दिवशी तालीमच झाली नाही. मी चिडून म्हटलं, "काकी, तुला नाही कळायचं." तर माझ्या ताटात बांगड्याचा तुकडा वाढत म्हणाली, "माका नाय कळला म्हणजे माझ्यासारख्या कोणाकच नाय कळला. मगे लिवतंस कोणासाठी?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं लांबलचक उत्तर होतं... पण तोंडात घास होता.

शेवटच्या खेपेला नवी कॅसेट हाताशी नव्हती. विलासने घरातली जुनीच घेतली आणि तिच्यावर आमची तीन गाणी भरली. त्या कॅसेटवर आधी त्याच्या मावसबहिणीच्या हळदीतली गाणी होती, कुवेतला काकाला पाठवायला म्हणून कोणी तरी भरलेली. आमचं तिसरं गाणं संपलं की थोडी खरखर, आणि मग थेट काकी, तारस्वरात. आम्हाला वाटलं, पुढे कोण ऐकतंय? कंपनीतल्या माणसाने ऐकलं. बहुधा चहा पिताना टेप बंद करायची राहिली असेल. आठवड्याने तो माणूस भांडुपला पत्ता शोधत आला. आम्ही चौघे दारात उभे राहिलो, ढोलकीवाल्याने तर शर्ट खोचला. तो आत डोकावून म्हणाला, "वो लास्ट में जो बाई गाती है, ती कुठेय?"

काकी हात पुसत आली. हळदीच्या गाण्यांची अख्खी कॅसेट काढायची होती, गायिका म्हणून तिचं नाव, कव्हरवर फोटो. विलास धीर करून म्हणाला, "एक बाजू आईची आणि एक आमची, असं चालेल का?" तो माणूस विचारात पडला, मला वाटतं थोडा तयारही झाला होता. तेवढ्यात काकी बोलली. "नको. तुमची गाणी तुमी विका. माझ्या पदराक कित्याक बांधतास? तुमी त्यांच्या दारात गेलास, ह्यो माणूस आपल्या पायान हयसर इलो."

विलास हसला. त्याची आईच ती. मी नाही हसू शकले. मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, तर ती मागून आली आणि म्हणाली, "रागावलंस? रागाव. पण खोटा नाय सांगूचंय. माका व्हया ता." एवढं सरळ 'मला हवंय' म्हणणारी बाई मी आमच्या कुठल्याही सभेत पाहिली नाही. आम्ही जे मागायचो ते समाजासाठी, चळवळीसाठी. तिने स्वतःसाठी मागितलं आणि तिला मिळालं. याचाच तर हेवा!

मग एक अडचण आली. काकीचं सगळ्यात सुंदर गाणं अर्धवट होतं, पुढचं तिला आठवेना, आणि कंपनीला ते लांब हवं होतं. निरोप मला आला. मी जाणार नव्हते, पण गेले. दारात बसून लिहिलं:

हळद लावा हाताला, हात उद्या राबेल गो,
माहेराचं नाव तिचं उंबऱ्याशी थांबेल गो.

काकीने दोनदा गुणगुणून बघितलं. "बरा आसा," म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या शब्दांना मिळालेली ही एकुलती एक शाबासकी. कॅसेट निघाली तेव्हा गाण्यापुढे छापलं होतं, 'पारंपरिक'. मी कंपनीत जाऊन भांडले. तो माणूस म्हणाला, "मॅडम, हळदीच्या गाण्याखाली कवीचं नाव टाकलं तर बायका म्हणतील, हे बनवलेलं आहे." काकी शेजारी बसली होती. म्हणाली, "बरोबर सांगता तो." साथ आमच्या पथकानेच केली, पण कव्हरवर त्याचं नाव 'विलास परब आणि मंडळी' असं झालं. वणव्याची मंडळी झाली. पारंपरिक म्हणजे काय, तर ज्यांची नावं विचारायची तसदी कोणी घेतली नाही अशा बायकांचा ढीग. त्या ढिगात आता मीही होते, आणि वर काकी बसली होती, फोटोसकट.

ते यश तिने मनसोक्त उपभोगलं. भाजीवाल्याकडे आपली कॅसेट वाजत असली की पिशवी खाली ठेवून गाणं संपेपर्यंत उभी राहायची आणि शेजारणीला सांगायची, "माझोच आवाज तो." मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत हळदीची बोलावणी यायची. खुर्ची आणि माइक असल्याशिवाय गायची नाही. आमची कॅसेट कधीच निघाली नाही. गिटारवाला नोकरीला लागला, ढोलकीवाला तिच्याच साथीला जाऊ लागला. मग यंदा तिचं हृदय अचानक थांबलं... तेही उद्याच्या हळदीची साडी काढून ठेवलेली असताना.

तेराव्याच्या जेवणानंतर गावाहून आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या काकीच्या मावशीने हळूच तेच गाणं धरलं. कोणी तरी पुटपुटलं, "आज हळदीचं गाणं?" मावशी म्हणाली, "तिचाच गाणा ता. दुसरा काय म्हणाचा?" माझं कडवं आलं आणि सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावला. मावशी मला म्हणाली, "ह्या माझी आजी जात्यार दळताना म्हणी."

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले. मोठ्याने, तेराव्याच्या घरात.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, दुःखाने डोकं फिरलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. विलास म्हणाला, "खरंच, आजी. हिनेच लिहिलंय."

म्हातारीने मला नीट बघून घेतलं. "मगे फुडचा म्हण."

"पुढचं नाही. एवढंच लिहिलं होतं."

"एवढाच कसा? चेडू घोवाकडे गेला, फुडे तेचा काय झाला ता कोण सांगतला? लिवन ठेव. वर्षश्राद्धाक येतलांव आमी."

तीन वर्षं ज्या दाराशी गेलो तिथे मला 'नवऱ्याघरी गेलेल्या मुलीचं पुढे काय' असं कोणी विचारलं नव्हतं. म्हणून हल्ली रविवारी मी भांडुपला जाते. आतल्या दाराजवळच्या काकीच्या जागेवर कोणी बसत नाही, मी मुद्दाम तिथेच बसते. कडवी होत आहेत, बरी होत आहेत. विलास चाल लावून बघतो, पण ती काकीची पट्टी, इतकी वरची की माझा आवाज तिथे पोचत नाही. मी म्हणते, "अरे, खाली घे ना, मला म्हणायचंय." तो "सॉरी यार" म्हणतो, खाली घेतो. दोन ओळी मी म्हणते. मग एखादा शब्द बदलायला आम्ही थांबतो, आणि पुन्हा सुरू करताना पेटीवर त्याचं बोट आधी तिच्याच सुरावर पडतं.