डब्यातली जागा

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की मोरेश्वर भोईर खोक्यावर तळहात ठेवायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "उठतंय ते. म्हातारं मानूस हाय, कुशीवर होऊन उठनार."

वाशीजवळ, पावणे गावात आमचा साचे बनवण्याचा छोटा कारखाना होता. ड्रॉइंगच्या खोलीत आम्ही दोघंच. मी प्रमुख, तो ड्राफ्ट्समन. खरं सांगायचं तर माझं प्रमुखपण सहीपुरतं होतं. मी पेन्सिलीवर शिकलेला माणूस, थ्रीडी मला शेवटपर्यंत जमलं नाही. साचा तो पडद्यावर उभा करायचा, चुका तोच काढायचा आणि कोपऱ्यात सही माझी असायची. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट मालक आत आले की मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "साहेब, हे बराबर हाय ना?"

घरी त्याच्याकडे एक जुना, छोटा डेस्कटॉप होता. त्याला तो 'डबा' म्हणायचा. साधी ड्रॉइंगं त्यावर व्हायची, पण साच्याचे सगळे भाग एकत्र उघडले की पडदा गोठायचा. रोज जेवताना तो रॅम वाढवण्याचंच बोलायचा.

"मुलगी बघायला निघाल्यासारखं चाललंय तुझं," मी चिडवायचो.

"पोरगी हो नायतर नाय बोलंल, साहेब. यो डबा कायच बोलत नाय."

ही हौस नव्हती. त्याची आई अंथरुणाला खिळली होती. बायको सीवूड्सला मॉलमध्ये कामाला, हा पावण्याला. दिवसभर म्हातारी एकटी. शेजारीण अधूनमधून डोकावायची. वाशीचं एक डिझाइन ऑफिस त्याला घरून काम द्यायला तयार होतं. अट एकच, पूर्ण साचा त्याच्या यंत्रावर उघडला पाहिजे. नवं यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, रॅमची एक जादा पट्टी कशीबशी जमली असती. पण त्याला आत एकच खाच दिसत होती आणि ती भरलेली होती.

"एकदा तुमी बगा," तो म्हणाला. "तुमी बोललात की माझं समाधान."

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. डबा उघडला, तेवढ्यात आईने हाक मारली आणि तो तिला पाणी द्यायला आत गेला. मी हार्ड डिस्कची पत्र्याची चौकट उचलली. तिच्याखाली दुसरी खाच होती. रिकामी.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. तो नोकरी सोडून गेला असता तर मला काय येत नाही हे महिन्याभरात मालकांना कळलं असतं. आतून त्याचा आवाज येत होता, "पी आये, हलू पी." मी चौकट होती तशी बसवली आणि स्क्रू आवळले.

तो बाहेर आला. मी म्हणालो, "यात जागा नाही, मोरेश्वर. आहे त्याहून जास्त घेणार नाही हा."

तो डब्याकडे बघून हसला. "आमाला सवय हाय, साहेब. शेती गेली, मिठागर गेलं, सगली जागा या शहराला दिली. आता डब्यातपन जागा नाय."

दुसऱ्या दिवशी त्याने वाशीला नकार कळवला. आठ महिन्यांनी, भर दुपारी, त्याची आई गेली. घरात कुणी नव्हतं. शेजारणीचा फोन आला तेव्हा तो माझ्या सहीसाठी ड्रॉइंग छापत होता. मी ठरल्या तारखेला निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात माझ्याबद्दल चांगलं बोलला तोही तोच.

पुढे डबा बंद पडला आणि दुरुस्तीवाल्याने तो उघडला. त्यानंतर मोरेश्वर माझ्याकडे आला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "साहेब, त्यात दुसरी खाच होती. चौकटीखाली."

तो कप बशीत फिरवत राहिला आणि मग त्यानेच मला वाट करून दिली. "त्या दिवशी तुमी चष्मा आनला नसंल."

"हो," मी म्हणालो. "घरीच राहिला होता."

"मंग बराबर." त्याने चहा संपवला, नमस्कार केला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

गेल्या वर्षी तो वारला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "ते नेहमी सांगायचे, साहेबांची काय चूक नाय. चष्मा नव्हता त्यांच्याकडं." तिच्यासमोरही मी मान हलवली.

वहिनी, चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.